साठ लाखांचा फरक: ओक्लाहोमा सिटीने जेम्स हार्डनला जाऊ दिलं त्याचा हिशेब

शनिवार, २७ ऑक्टोबर २०१२. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा नवा हंगाम तोंडावर आला होता. त्या दिवशी ओक्लाहोमा सिटी थंडर या संघाने आपला २३ वर्षांचा खेळाडू जेम्स हार्डन ह्यूस्टन रॉकेट्सला देऊन टाकला. हाच संघ चार महिन्यांपूर्वी अंतिम फेरीत मायामीशी खेळला होता. भारतात ते सामने भल्या सकाळी लागायचे, आणि ते पाचही सामने मी डोळे चोळत पाहिले होते. पहिला सामना थंडरने जिंकला आणि पुढचे चार सलग गमावले. तरी शेवटचा सामना संपल्यावर वाईट वाटलं नाही, कारण ही पोरं पुन्हा येणार याची खात्री होती. केव्हिन ड्युरंट, रसेल वेस्टब्रुक, हार्डन, सर्ज इबाका. चौघांपैकी एकानेही अजून पंचविशी गाठली नव्हती.

ते चौघं पुन्हा एकत्र अंतिम फेरीत आले नाहीत. संघ का फुटला, तर एका करारावरून. थंडरने हार्डनपुढे चार वर्षांचे सुमारे साडेपाच कोटी डॉलर ठेवले होते. नियमाने त्याला जास्तीत जास्त सुमारे सहा कोटी देता आले असते. फरक ५०-६० लाखांचा, तोही चार वर्षांत मिळून. विचार करायला आपल्याला तासभर मिळाला, असं हार्डनने नंतर सांगितलं. त्याने नकार दिला आणि त्याच रात्री तो ह्यूस्टनचा झाला. ह्यूस्टनने त्याला पाच वर्षांसाठी आठ कोटी डॉलर दिले.

मालकाने खिशात हात घालायला हवा होता का, हा या प्रकरणातला प्रश्न. माझं उत्तर ‘हो’ असं आहे. पण साठ लाखांसाठी हिरा घालवला म्हणून मालकाला कंजूष ठरवणं मला पटत नाही. खरा हिशेब त्याहून गुंतागुंतीचा आहे, आणि तो नीट मांडल्याशिवाय माझ्या ‘हो’ला वजन येणार नाही.

संघ कसा उभा राहिला

हा संघ मुळात सिॲटलचा, नाव सुपरसॉनिक्स. २००६ मध्ये स्टारबक्सवाल्या हॉवर्ड शुल्ट्झ यांच्या गटाने तो क्ले बेनेट यांच्या ओक्लाहोमातल्या गटाला ३५ कोटी डॉलरला विकला. दोन वर्षांनी, सिॲटल शहराला भरपाई देऊन, बेनेट यांनी तो ओक्लाहोमा सिटीत नेला. शहराची वस्ती त्या वेळी सहा लाखांच्याही खाली. एनबीएच्या हिशेबाने हे अगदी लहान गाव. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या संघांना स्थानिक दूरचित्रवाणीकडून जे पैसे मिळतात, ते इथे मिळण्याची शक्यताच नव्हती.

एक गोष्ट मात्र पुष्कळदा सांगायची राहून जाते. मार्च २००८ मध्ये या शहरातल्या लोकांनी मतदान करून स्वतःवर एक टक्का विक्रीकर आणखी १५ महिने चालू ठेवला. त्यातून उभे राहणारे सुमारे १२ कोटी डॉलर स्टेडियमच्या सुधारणेसाठी आणि संघाच्या सरावगृहासाठी होते. किराणा घेणाऱ्या प्रत्येकाने या संघात आपला वाटा घातला होता. म्हणून ‘पैसा मालकाचा आहे, त्याचा तो बघेल’ हे वाक्य इथे पुरतं लागू पडत नाही.

संघबांधणीची सूत्रं होती सॅम प्रेस्टी या तरुण जनरल मॅनेजरकडे. तो सॅन अँटोनिओ स्पर्सच्या तालमीत तयार झालेला. त्याने ड्राफ्टमधून, म्हणजे दरवर्षी संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीतून, एकेक खेळाडू वेचला. ड्युरंट २००७ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर, वेस्टब्रुक २००८ मध्ये चौथ्या, त्याच वर्षी इबाका चोविसाव्या, आणि २००९ मध्ये हार्डन तिसऱ्या क्रमांकावर. ओक्लाहोमातल्या पहिल्या हंगामात संघाने फक्त २३ सामने जिंकले, दुसऱ्या हंगामात ५०. दोन वर्षांत एवढी चढण फार थोड्या संघांनी चढलेली आहे.

हार्डन सुरुवातीच्या पाचात नसायचा. तो बाकावरून उठून यायचा, आणि आल्यावर सामन्याची लयच पालटायची. २०११-१२ मध्ये त्याची सरासरी १६.८ गुणांची होती आणि बदली खेळाडूंमधला सर्वोत्कृष्ट हा किताबही त्याला मिळाला. त्या वर्षी पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत स्पर्स सलग २० सामने जिंकून उभे होते आणि थंडर ०-२ ने मागे होता. तिथून थंडरने सलग चार सामने जिंकले. त्यातल्या पाचव्या सामन्यात, शेवटचं अर्धं मिनिट उरलेलं असताना, हार्डनने काव्हाय लेनर्डच्या हातावरून मारलेला तीन गुणांचा फटका मला आजही दिसतो. पुढे मायामीविरुद्ध मात्र तो ढेपाळला, त्याची सरासरी साडेबारा गुणांच्याही खाली आली. त्या पाच सामन्यांचं ओझं करारावर पडलं असेल का? पडू नये, पण माणसं निर्णय घेतात तेव्हा शेवटचं पाहिलेलंच डोळ्यांपुढे असतं.

पैशाचा नियम

आपल्याकडे आयपीएलमध्ये प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते. मालकाची कितीही इच्छा असो, तिच्यापलीकडे एक रुपया खर्च करता येत नाही. एनबीएचं तसं नाही. तिथे पगारमर्यादा आहे, पण ती मऊ आहे. बाहेरचा खेळाडू आणायचा तर ती आडवी येते. स्वतःचा खेळाडू राखायचा असेल तर ती ओलांडता येते. मात्र त्यापुढे आणखी एक रेषा आहे, लक्झरी टॅक्सची. पगारपत्रक तिच्या वर गेलं की मालकाला दंडासारखा कर भरावा लागतो.

२०११ पर्यंत हा कर साधा होता: रेषेच्या वर एक डॉलर, तर एक डॉलर कर. त्या वर्षी मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात बिनसलं, टाळेबंदी झाली, हंगाम ८२ ऐवजी ६६ सामन्यांचा झाला. डिसेंबरमध्ये जो नवा करार झाला, त्याने २०१३-१४ पासून कराची शिडी लावली. रेषेवरच्या पहिल्या ५० लाखांवर डॉलरला दीड डॉलर. पुढच्या ५० लाखांवर पावणेदोन. त्यापुढच्या ५० लाखांवर अडीच, मग सव्वातीन, आणि असंच वर. शिवाय जो संघ वर्षानुवर्षे रेषेच्या वर राहील त्याला प्रत्येक डॉलरमागे आणखी एक डॉलर.

आता थंडरचं पगारपत्रक बघा. ड्युरंटचा पाच वर्षांचा करार साडेआठ कोटींच्या पुढे. वेस्टब्रुकचा पाच वर्षांचा सुमारे आठ कोटी. ऑगस्ट २०१२ मध्ये इबाकाला चार वर्षांचे ४ कोटी ८० लाख. यांच्या जोडीला केंड्रिक पर्किन्स, बास्केटजवळ उभा राहणारा धिप्पाड सेंटर, चार वर्षांचे साधारण साडेतीन कोटी. कराची रेषा सात कोटींच्या थोडी वर. हे आकडे ओळीत मांडले की दिसतं, हार्डनला वर्षाला सव्वा-दीड कोटी दिले की २०१३-१४ मध्ये संघ रेषेच्या वर जाणार.

किती वर? समजा एक कोटी डॉलर. हा माझा अंदाज आहे, हिशेब समजावा म्हणून घेतलेला. पहिल्या ५० लाखांवर कर ७५ लाख, दुसऱ्या ५० लाखांवर साडेसत्त्याऐंशी लाख. एकूण १ कोटी साडेबासष्ट लाख. म्हणजे हार्डनचा पगार सुमारे १ कोटी ३७ लाख धरला तर मालकाच्या खिशातून त्याच्यापायी एका वर्षात तीन कोटी जाणार. बेनेट आणि प्रेस्टी यांना छळत होता तो हा आकडा. चार वर्षांतल्या साठ लाखांचं भांडण ही या आकड्याची फक्त सावली होती.

आणखी एक अडचण होती, तिची चर्चा कमी होते. नव्या करारानुसार नवोदित खेळाडूची पाच वर्षांची करारवाढ संघाला एकाच जणाला देता येत होती आणि ती वेस्टब्रुकला देऊन झाली होती. हार्डनला थंडर चारच वर्षं देऊ शकत होता, ह्यूस्टन पाच. वर त्याच्याकडून अपेक्षा अशी की त्या चार वर्षांतही त्याने थोडं सोडावं. इबाकाने सोडलं होतं, अशी संघाची धारणा होती. प्रेस्टी ज्या स्पर्समधून आला होता तिथे टिम डंकनने त्याच उन्हाळ्यात आपला पगार निम्म्याहून खाली आणला होता. पण डंकन ३६ वर्षांचा होता, चार विजेतेपदं आणि अफाट कमाई गाठीला बांधून. आयुष्यातला पहिला मोठा करार करणाऱ्या २३ वर्षांच्या मुलाने त्याच्यासारखं वागावं ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. ड्युरंट आणि वेस्टब्रुक या दोन साथीदारांना पूर्ण भाव मिळालेला त्याने पाहिला होता. तिघंही त्याच उन्हाळ्यात लंडनहून ऑलिम्पिकचं सुवर्णपदक घेऊन आले होते. मग तिसऱ्यानेच का झुकायचं?

टेबलावर काय काय होतं

या प्रकरणाचा अभ्यास करताना मी सर्वात जास्त वेळ इथे थांबलो, कारण लोक ‘पैसे द्या’ किंवा ‘विका’ असे दोनच रस्ते धरून बोलतात. तिसरा होता, आणि तो सर्वात सोपा होता: काहीच करायचं नाही.

३१ ऑक्टोबर ही करारवाढीची मुदत होती, हार्डनची मुदत नव्हे. ती टळली असती तर तो जुन्याच करारावर, म्हणजे ६० लाखांच्याही आतल्या पगारावर, २०१२-१३ चा पूर्ण हंगाम थंडरकडून खेळला असता. हंगाम संपल्यावर तो ‘रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट’ झाला असता. म्हणजे दुसरा संघ त्याच्यापुढे करार ठेवू शकतो, पण मूळ संघाने तेवढेच पैसे दिले की खेळाडू मूळ संघाकडेच राहतो. कराची नवी शिडी त्यानंतर लागणार होती. थोडक्यात, अंतिम फेरी खेळलेला संघ आहे तसा, एक पैसाही जास्त न देता, आणखी एक वर्ष लढवता आला असता.

त्याऐवजी झालं काय? ह्यूस्टनकडून आला केव्हिन मार्टिन, ज्याचा त्या वर्षीचा पगार सव्वा कोटीच्या घरात होता. हार्डनच्या दुपटीहून जास्त! मार्टिन चांगला नेमबाज होता, पण एका हंगामानंतर तो मिनेसोटाला गेला. ज्या वर्षी पैसा वाचवायची गरजच नव्हती त्या वर्षी संघाने जास्त पैसे मोजून कमी प्रतीचा खेळाडू खेळवला. आजवर मला या गोष्टीचं समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

चौथा रस्ता पर्किन्सचा. २०११ च्या करारात प्रत्येक संघाला एक सवलत होती, ‘ॲम्नेस्टी’. एका खेळाडूला मुक्त करायचं. त्याचा पगार द्यावा लागतो, पण तो पगारमर्यादेत आणि करात मोजला जात नाही. पर्किन्सचे वर्षाला सुमारे ९० लाख पत्रकातून काढले असते तर वरच्या उदाहरणातला एक कोटीचा जादा भार दहा लाखांवर येतो आणि कर १ कोटी साडेबासष्ट लाखांवरून १५ लाखांवर. सेंटरच्या जागी किमान पगाराचा कोणी उभा करावा लागला असता, त्याचे थोडे पैसे वाढवा. तरीही फरक प्रचंड राहतो. थंडरने ही सवलत पर्किन्ससाठी कधी वापरली नाही. पर्किन्स ड्रेसिंग रूमचा कणा आहे, मोठ्या अंगाच्या विरोधकांना तोच थोपवतो, असं संघाला वाटत होतं. तेव्हा हे म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. पण त्याच काळात सारा खेळ तीन गुणांच्या रेषेकडे, मोकळ्या जागेकडे सरकत होता, आणि जड पावलांच्या सेंटरचं मोल वर्षागणिक उतरत होतं.

थंडरच्या बाजूने बोलायचं तर मुद्दे दोन. पहिला, ज्याच्या कराराला एकच वर्ष उरलंय त्याचा बाजारभाव महिन्यागणिक घसरतो. ऑक्टोबरमध्ये हार्डनच्या बदल्यात मार्टिन, तरुण जेरेमी लॅम्ब, ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि दुसऱ्या फेरीची एक निवड मिळाली. फेब्रुवारीत एवढं मिळालं नसतं. दुसरा मुद्दा मला जास्त वजनाचा वाटतो. हार्डन ह्यूस्टनला जाऊन जो झाला तो तिथे चेंडू त्याच्या हाती दिला म्हणून झाला. पहिल्याच सामन्यात ३७ गुण, दोन दिवसांनी अटलांटाविरुद्ध ४५. पुढे २०१८ मध्ये तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि त्याच्या पुढच्या हंगामात सामन्यामागे ३६.१ गुणांची सरासरी त्याने गाठली. ड्युरंट आणि वेस्टब्रुकच्या सावलीत हे झालं नसतं. कदाचित तोच दोन वर्षांत कंटाळून निघाला असता.

हे मान्य करूनही माझं मत बदलत नाही, आणि त्याचं कारण पुढच्या चार हंगामांत आहे.

पुढचे चार हंगाम

२०१२-१३ मध्ये हार्डनशिवायच्या थंडरने ६० सामने जिंकले. विकणाऱ्यांना वाटलं असेल, बघा, काही बिघडलं नाही. मग प्लेऑफच्या पहिल्या फेरीत, योगायोगाने ह्यूस्टनविरुद्धच, वेस्टब्रुकचा गुडघा दुखावला आणि त्याचा हंगाम संपला. दुसऱ्या फेरीत मेम्फिसने थंडरला ४-१ ने घरी पाठवलं. हरलेले चारही सामने सहा किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाचे. शेवटच्या मिनिटांत चेंडू एकट्या ड्युरंटकडे, त्याच्या अंगावर दोन-दोन बचावपटू, आणि बाकीचे चौघं बघत उभे. सामन्यामागे जवळपास २६ गुण करणारा माणूस त्या वेळी ह्यूस्टनच्या पगारपत्रकावर होता.

२०१४ मध्ये ड्युरंट लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू होता. पश्चिमेच्या अंतिम फेरीत स्पर्सविरुद्धचे पहिले दोन सामने इबाका दुखापतीमुळे खेळला नाही. थंडर दोन्ही हरला आणि मालिका ४-२ ने गेली. २०१४-१५ मध्ये ड्युरंटच्या पायाचं हाड मोडलं, तो फक्त २७ सामने खेळला आणि संघ प्लेऑफलाच मुकला.

तीन वर्षं, तीन दुखापती, आणि प्रत्येक वेळी वेगळा माणूस. तिसऱ्या तारा-खेळाडूचा पगार मला म्हणूनच विम्याच्या हप्त्यासारखा वाटतो. सगळे धडधाकट असताना तो पगार जड वाटतो, बाकावरून येणाऱ्याला एवढे पैसे कशाला, असं कुणालाही वाटेल. मोल कळतं ते पहिला किंवा दुसरा कोसळतो तेव्हा. आणि ८२ सामन्यांच्या हंगामात कोणी ना कोणी कोसळतोच. थंडरने हप्ता चुकवला, आणि लागोपाठ तीन वर्षं दावा करायची वेळ आली.

२०१६ ची जखम सर्वात खोल. पश्चिमेच्या अंतिम फेरीत ७३ सामने जिंकून आलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सवर थंडर ३-१ ने पुढे होता. सहावा सामना घरच्या मैदानावर. क्ले थॉम्पसनने त्या रात्री तीन गुणांचे ११ फटके मारले, ४१ गुण केले, आणि थंडरच्या हातातला सामना ओढून नेला. मालिका ४-३ ने गेली. ४ जुलैला ड्युरंटने जाहीर केलं की आपण गोल्डन स्टेटला चाललो.

आता ३१ ऑक्टोबर २०१२ कडे परत या. हार्डनच्या सौद्याला चार दिवस झाले होते. त्या मुदतीच्या दिवशी गोल्डन स्टेटने आपल्या एका खेळाडूला चार वर्षांचे ४ कोटी ४० लाख दिले. त्याचे घोटे सतत दुखावत होते आणि हे पैसे वाया जाणार असं कित्येकांना वाटलं होतं. तो स्टीफन करी. त्याचा पगार त्या कराराने इतका खाली धरून ठेवला, की २०१६ मध्ये नव्या प्रसारणकरारामुळे पगारमर्यादा सात कोटींवरून एकदम ९ कोटी ४० लाखांवर गेली तेव्हा ड्युरंटला सामावून घ्यायला जागा झाली. एका मालकाने जोखीम पत्करून तरुण खेळाडू बांधला, दुसऱ्याने जोखीम टाळून सोडला, आणि दुसऱ्याचा सर्वोत्तम खेळाडू पहिल्याकडे गेला.

हार्डनच्या बदल्यात मिळालेल्यांचं काय झालं, तेही सांगून टाकतो. लॅम्ब २०१५ मध्ये शार्लटला गेला. एका निवडीतून आलेला मिच मॅकगॅरी टिकला नाही. दुसरीतून आला न्यूझीलंडचा स्टीव्हन ॲडम्स. तो मात्र सात वर्षं मनापासून खेळला, गावाने त्याच्यावर जीव लावला, आणि या सौद्यातलं एवढंच एक सोनं.

थंडरच्या मालकांनी पैसे कधीच खर्च केले नाहीत, असं म्हटलं तर ती चूक होईल. २०१५ मध्ये एनेस कँटर या सेंटरला पोर्टलंडने चार वर्षांचे सात कोटी देऊ केले, तेव्हा थंडरने तेवढेच देऊन त्याला राखलं. ड्युरंट गेल्यावर वेस्टब्रुकच्या जोडीला पॉल जॉर्ज आणि कार्मेलो अँथनी आणले. २०१८-१९ मध्ये तर लक्झरी टॅक्सपोटीच सहा कोटी डॉलरच्या आसपास भरले, आणि संघ पहिल्याच फेरीत पोर्टलंडकडून हरला. हार्डनवर वर्षाला दीड कोटी कर भरायला जे मालक धजावले नाहीत, त्यांनी सहा वर्षांनी त्याच्या चौपट भरला, पण तेव्हा खेळाडूंचा बहर ओसरलेला होता. खिसा रिकामा नव्हता, चुकीच्या वर्षी उघडला.

आणि संघाची किंमत? २०१४ मध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्स हा संघ स्टीव्ह बाल्मर यांनी २०० कोटी डॉलरला घेतला. २०२५ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सचा सौदा ६१० कोटींचा झाला. ३५ कोटींना घेतलेला संघ आज कुठे असेल याचा अंदाज त्यावरून यावा. वर्षाच्या जमाखर्चात तोटा दिसतो तेव्हा मालकाची मालमत्ता मात्र वाढतच असते. ‘छोटं गाव, परवडत नाही’ हे ऐकताना मी म्हणूनच दोन वह्या मागतो, एक नफ्यातोट्याची आणि एक मालमत्तेची.

एक मुंबईकर मालक

इथे थोडं बाजूला वळतो, कारण हा धागा आपल्या माणसापर्यंत येतो. सॉनिक्स गेल्यानंतर सिॲटलला दुसरा संघ हवा होता, आणि २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज तिकडे जाण्याच्या बेतात होता. लीगच्या मालकांनी २२-८ मतांनी ते स्थलांतर नाकारलं आणि किंग्ज ज्या गटाने घेतला त्याचे प्रमुख होते मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. २०१९ मध्ये मुंबईच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले ते याच किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात. एका मराठी आडनावाच्या माणसाने एका शहराचा संघ त्या शहरात राखला, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण खेळाडू राखणं त्यांनाही जमलेलं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये किंग्जने २१ वर्षांच्या टायरीस हॅलिबर्टनला इंडियानाला दिलं. बदल्यात आला डोमँटास सॅबोनिस, आणि त्याच्यामुळे किंग्जने २०२३ मध्ये १६ वर्षांचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला, हेही खरं. हॅलिबर्टन मात्र २०२५ मध्ये इंडियानाला थेट अंतिम फेरीत घेऊन गेला. समोर होता ओक्लाहोमा सिटी थंडर.

तोच प्रश्न, दुसऱ्यांदा

२०१९ च्या जुलैत प्रेस्टीने सगळं मोडून नव्याने सुरुवात केली. पॉल जॉर्ज क्लिपर्सला दिला, बदल्यात पहिल्या फेरीच्या पाच निवडी आणि शे गिल्जस-अलेक्झांडर हा वर्षभराच्याच अनुभवाचा मुलगा घेतला. वेस्टब्रुकलाही जाऊ दिलं, तेही ह्यूस्टनला, हार्डनच्या जोडीला. क्लिपर्सच्या एका निवडीतून २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला. त्याच ड्राफ्टमध्ये थंडरने स्वतःच्या निवडीवर चेट होल्मग्रेन घेतला. पुन्हा तीन तरुण, पुन्हा ड्राफ्टमधून वाढवलेला संघ. डिसेंबर २०२३ मध्ये शहराने पुन्हा मतदान केलं आणि किमान ९० कोटी डॉलरच्या नव्या स्टेडियमसाठी ७१ टक्के लोकांनी कर मान्य केला. त्यात मालकांचा वाटा पाच कोटींचा. २०२४-२५ मध्ये संघाने ६८ सामने जिंकले आणि २२ जूनला सातव्या सामन्यात इंडियानाला १०३-९१ असं हरवून ओक्लाहोमाला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. हॅलिबर्टन त्याच सामन्यात पायाची शीर तुटून खाली बसला. ते बघवलं नाही.

पुढच्याच महिन्यात थंडरने तिघांनाही बांधलं. शे गिल्जस-अलेक्झांडरला चार वर्षांचे साडेअठ्ठावीस कोटी. होल्मग्रेनला पाच वर्षांचे २५ कोटींपर्यंत. विल्यम्सला पाच वर्षांचे २८ कोटी ७० लाखांपर्यंत. मिळून ८२ कोटी डॉलरच्या घरात. तोच जनरल मॅनेजर, बेनेट यांचाच गट, तेच छोटं गाव. फरक हा की या वेळी तिसऱ्याला झुकायला सांगितलं नाही, तासाभराची मुदत घातली नाही, आणि मुदत टळायच्या कितीतरी आधी सह्या झाल्या.

नियम या वेळी जास्त कडक आहेत. २०२३ च्या करारात ‘सेकंड एप्रन’ नावाची नवी रेषा आली. तिच्या वर जाणाऱ्या संघाला नुसता कर भरून सुटता येत नाही. त्याचे सौदे करण्याचे हक्क आखडतात, आणि तिथे रेंगाळलं तर ड्राफ्टमधली भविष्यातली निवडही मागे ढकलली जाते. विल्यम्स आणि होल्मग्रेनचे वाढीव पगार २०२६-२७ पासून सुरू होतात, शेचा त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा पत्रक भरून वाहू लागलं की कुणाला तरी सोडावं लागेल: आयझेया हार्टनस्टाइन, लू डॉर्ट किंवा बाकावरचा आणखी कुणी. मधल्या फळीतल्या माणसाला सोडायचं, वरच्या तिघांना हात लावायचा नाही, असा बेत सह्यांवरून तरी दिसतो. २०१२ मध्ये हाच हिशेब उलटा केला होता. तेव्हा पर्किन्स राहिला आणि हार्डन गेला.